डाग

दुकान म्हणजे गॅलरीतलं एक टेबल,
ट्यूबलाइटला तारेनं बांधलेलं भिंग,
आणि चरईतला दुसरा मजला, जिथं खाडीची हवा
दुपारी चारला न चुकता येते
आणि कुठल्याही कॅमेऱ्याच्या पोटात शिरून बसते.
लेन्सवर तिची बुरशी धरते, बारीक, फांद्याफांद्यांची.
पुसलेल्या लेन्सा मी तांदळाच्या डब्यात पुरतो.
बायको म्हणते, एक दिवस भातात भिंग निघेल.

फर्नांडिसांचा प्रोजेक्टर पट्ट्यावाचून अडलाय.
शिलाई मशीनचा पट्टा कापून जोडला,
पण गती बसत नाही:
मीठबंदरला झालेल्या त्यांच्या बहिणीच्या लग्नात
वऱ्हाडाला कसली तरी घाई आहे,
केक कापून होतो, कुणी खात नाही.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळली.
वेढे मोजायची खोड अजून आहे.
द्वारका निजामपूरकर जिना चढून आल्या
तेव्हा मी आतून मोजत होतो:
चोवीस पायऱ्या, तीनदा थांबल्या.
खारेगावहून रिक्षात, मांडीवर गोधडीत रेडिओ.
"बंदच आहे," म्हणाल्या,
"वर रद्दी ठेवते. पण परवा रद्दीवाला
यालाच उचलायला निघाला."

पाठीचा पुठ्ठा काढला.
झुरळाची अंडी, एक बटण,
लायसनचं पुस्तक, पोस्टाचे गोल शिक्के
साल दर साल. बहात्तरचा नाही.
सुईची दोरी तुटलेली; चेंदणीहून आणलेला
जाळ्याचा दोरा ओवला.
कॅपॅसिटर सगळे फुगलेले, सगळे बदलले.
आणि व्हॉल्व्हच्या बैठकीखाली तो सांधा:
हरभऱ्याएवढा गोळा, राखाडी,
भोवती हिरवा कळंक.

कुण्या आडदांडाचं काम, मी म्हटलं,
म्हटलं ते मोठ्यानं, घरात कुणी नसताना.
वितळवला, झटकला, पत्र्याच्या डबीत पडला
इतर शेकडो थेंबांत.
जागी माझा सांधा. राळेचा धूर निघाला, वर गेला.
मोहरीएवढा, चकचकीत. एकतीस वर्षांचा हात.

शनिवारी बाई आल्या. सेट लावला.
व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही दोघं गप्प.
मग हिरवा डोळा उघडला,
आधी शेजारचा मिक्सर, मग समोरच्या टॉवरची लिफ्ट,
मग खूप लांबून एक माणूस
कांद्याचे भाव सांगत होता.
बाई पुढून बघतच नव्हत्या.
चष्मा वर करून मागून वाकल्या.
"माझा कुठाय?"

काय तुमचा?

"डाग.
ह्यांच्या कंपनीला टाळं, सात महिने.
दुरुस्तीवाल्यानं अठरा रुपये सांगितले.
मी पेणच्या तांबटाची लेक.
माहेराहून आणलेलं कथील होतं, नवसागर होता.
हे झोपल्यावर सांडशीत खिळा धरला, स्टोव्हवर लाल केला.
सकाळी हे म्हणाले, आपोआप सुरू झाला बघ.
म्हटलं, होतं असं कधीकधी."

नवसागर तारेला खातो.
शिकाऊ पोरालाही मी हे पहिल्या दिवशी सांगतो.
दोन वर्षांत तुटायला हवा होता.
तोंडाशी आलेलं मी गिळलं
आणि डबी टेबलावर उपडी केली.

थेंबच थेंब. सगळे सारखे.
राखाडी शोधला, थोराड शोधला,
भिंगाखाली एकेक धरला. हा? हा?
बाई मान हलवत राहिल्या, हसायलाही लागल्या.
"त्या साली अंगावरचे सगळे डाग गेले,
पाटल्या, ठुशी, सगळं सावकाराकडे.
हा एवढा राहिला होता.
असू द्या. तसा ओबडधोबडच होता."

पैसे किती, विचारलं. मी आकडा सांगितला,
त्यांनी घासाघीस केली, मी ऐकली.

मग निघता निघता
माझी सोल्डरिंगची इस्त्री टेबलावरून उचलली,
तळहातावर तोलली, भाजी तोलावी तशी.
"किती हो हलकी," म्हणाल्या,
आणि ती तापलेली आहे हे
मी सांगायच्या आत
बरोबर मुठीकडूनच धरलेली होती.